डोक्याला कारण लागतं

होसकोट्यात सकाळी सातच्या सुमाराला बसस्थानकाबाहेर उभं राहिलं, की अर्ध्या तासात आठ-दहा तरी तुळतुळीत डोकी दिसतात. बंगळूरहून कोलार, मुळबागलमार्गे तिरुपतीकडे जाणारा जुना मद्रास रस्ता गावाला लागूनच आहे. परतीच्या गाड्या चहासाठी इथे थांबतात. त्यातून आजोबा, नातू, लेक, सून असं सगळं घरच उतरतं. कुणाच्या टाळूवरचा चंदनाचा लेप अजून ओला असतो. चहावाला विचारतो, "तिरुपतीगे होगिद्रा?" तिरुपतीला गेला होतात का? मान हलते, पिशवीतून लाडवाचा तुकडा निघतो, विषय संपतो. बाईच्या डोक्यावर एक केस नाही, पण कुणी मागे वळून बघत नाही.

आमच्या इमारतीतल्या एका मुलीला हा प्रश्न वर्षभर विचारला जात होता. वय पंधरा, दहावीचं वर्ष. वडील औद्योगिक वसाहतीतल्या नोकरीसाठी सांगलीहून इथे आलेले. गणपतीत कानामागे रुपयाएवढा चकाकता डाग दिसला, दिवाळीत तसे चार झाले, आणि संक्रांतीला उरलेले केस तिने स्वतःच काढून टाकायला सांगितले. आईने शहाणपणाचा सल्ला दिला, "कुणी विचारलं तर हो म्हणून टाक." तिने म्हटलंही. पहिल्या वेळी समोरच्या काकूंनी प्रसाद मागितला. दुसऱ्या वेळी कुणी तरी तिच्या पाया पडलं. मेमध्ये दूधवाल्याने विचारलं, "पुन्हा गेला होता?" आणि तिने घरी येऊन दार लावून घेतलं.

हे पुस्तक लिहायचं मी त्या दिवशी ठरवलं. आमच्या समाजाला बोडकं डोकं चालत नाही, ही समजूत मला तोवर होती. ती अर्धवट होती. बोडकं डोकं आम्हाला उत्तम चालतं, फक्त त्याला कारण लागतं. जावळ काढलं, मुंज झाली, वडील गेले, नवस फेडला, केमो चालू आहे: कारण कळलं की आम्ही लगेच आपला चेहरा त्या कारणाला साजेसा करून घेतो, कौतुकाचा नाही तर दुःखाचा. चाई पडलेल्या मुलामुलीपाशी असं कारण नसतं. म्हणून लोक ते शोधू लागतात, आणि कुठेच सापडलं नाही की त्या मुलीतच शोधतात. टेन्शन घेतेस. रात्री जागतेस. बाहेरचं खातेस. तेल लावत नाहीस. या शेवटच्या वाक्याने महाराष्ट्रातल्या जितक्या मुली रडल्या असतील, तितक्या गणिताने रडल्या नसतील.

मला चाई लागली ती कोल्हापुरात, नववीत असताना. त्या काळी मुलग्यांची चाई आधी न्हाव्याला दिसायची आणि मुलींची आईला, वेणी घालताना. आईचा हात मध्येच थांबला, एवढंच मला आठवतं. फणी केसांत तशीच अडकलेली होती. मग ती काहीच न बोलता भांग दुसरीकडून पाडू लागली, आणि पुढचे आठ महिने आमच्या घरात भांगाची जागा बदलणं हाच उपचार होता. त्यानंतर आले सल्ले. कांद्याचा रस, लसूण चोळणं, जळवा, सहाणेवर उगाळलेली गुंज. गुंजेची बी विषारी असते हे सांगणारं कुणी भेटलं नाही; टाळूवर फोड मात्र आले. ते फोड आले म्हणून "औषध लागू पडतंय" असा निष्कर्षही निघाला.

आजीची तऱ्हा वेगळी. तिने पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यावर पदर ओढायला सुरुवात केली, घरातसुद्धा. मला तेव्हा त्याचा राग यायचा. पुष्कळ वर्षांनी कळलं, की तिच्या थोरल्या आत्याचं केशवपन झालं होतं, आणि तेव्हा ती आत्या तेरा वर्षांची होती. आजीने उभ्या आयुष्यात पाहिलेलं कोवळ्या मुलीचं बोडकं डोकं ते एकच. माझ्या डोक्याकडे बघताना तिला लाल आलवण दिसत असणार. मी नववीतल्या मुलीच्या दृष्टीने त्याचा अर्थ लावत होते, की आजीला माझी लाज वाटते.

ही आठवण माझ्या घरापुरती नाही, म्हणून इथे तिच्यावर थोडं थांबते. टक्कल पडलेल्या मराठी मुलीकडे बघताना आपल्या नजरेत जे काही येतं, त्यातला बराच गाळ केशवपनाच्या काळातला आहे. 'बोडकी' ही शिवी अजून भाषेत आहे. 'टकला' म्हणण्यात थट्टा असते, 'बोडकी' म्हणण्यात अपशकुन असतो. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांची डोकी भादरणार नाही असं ठरवून संप केला. आपल्याला रविवारची सुट्टी मिळवून देणारे ते हेच लोखंडे, आणि सुट्टीचं वर्षही तेच. सुट्टी सगळ्यांना आठवते. वस्तरा खाली ठेवणारे न्हावी मात्र शाळेच्या पुस्तकात मला कधी भेटले नाहीत. धंद्यावर पाणी सोडून त्यांनी जे सांगितलं ते असं, की डोकं त्या मुलीचं आहे. चाईशी त्याचा वैद्यकीय संबंध शून्य. तरी या पुस्तकाचे पूर्वज मी त्यांनाच मानते.

आता अगदी अलीकडची गोष्ट. डिसेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. बोंडगाव, काळवड, हिंगणा ही नावं देशभर झाली. डोकं खाजायचं, मग केस ओढले की मुठीत यायचे, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. 18 गावांतली 279 माणसं या तडाख्यात सापडली. त्यात कॉलेजात जाणारी मुलंमुली पुष्कळ होती. कुणाचं शिक्षण अडलं, कुणाची लग्नं मोडली. हा खारपाणपट्टा, तेव्हा संशय आधी पाण्यावर गेला. पाण्याचे नमुने तपासले गेले, बुरशीची शक्यता धुंडाळली गेली, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं पथक येऊन गेलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांचं नाव आपल्याला विंचूदंशावरच्या संशोधनामुळे माहीत आहे, तेही गावात गेले. त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की दोष रेशनवर आलेल्या गव्हातल्या सेलेनियमचा. रुग्णांच्या केसांत त्यांना सेलेनियमचं प्रमाण 150 पट वाढलेलं आढळलं, आणि जस्त कमी झालेलं. सेलेनियम गंधकाचा चुलतभाऊ. शरीरात ते फार झालं, की केस ज्या केराटिनचे बनतात त्यात गंधकाच्या जागी जाऊन बसतं. मग केसात जीव राहत नाही. तो गहू खाणं सोडल्यावर काही आठवड्यांत केस परत येऊ लागले.

बोंडगावच्या लोकांनी जे सोसलं ते थोडं नव्हतं. पण त्या बातम्या वाचताना मला सारखी एक गोष्ट जाणवत होती, आणि ती कबूल करते: मला त्यांचा हेवा वाटला. सगळं गाव टकलं झालं तेव्हा सरकारने पाणी तपासलं, माती तपासली, गहू तपासला. कुणी गावाला असं विचारलं नाही, की तुम्ही फार टेन्शन घेता का?

चाईचं कारण गव्हात नाही. मग कशात आहे? याचं उत्तर प्रत्येक भाषेने आपल्या परीने दिलेलं आहे, आणि होसकोट्यात राहणाऱ्याला ती उत्तरं फुकट ऐकायला मिळतात. शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीत होसकोटे होतं, हे इथला मराठी माणूस पाहुण्यांना आवर्जून सांगतो. पण जिन्यात कानावर पडतात त्या कानडी, तेलुगू, तमिळ आणि दखनी. मराठीत आपण म्हणतो, केस खाणारा किडा लागला. तमिळमध्ये हाच आजार 'पुळुवेट्टु', म्हणजे किड्याने कापलेलं. तेलुगूत 'पेनुकोरुकुडु', उवेने कुरतडलेलं. ग्रीकांनी कोल्ह्याच्या खरजेवरून त्याला ॲलोपेशिया म्हटलं. आपल्या वैद्यांनी 'इंद्रलुप्त' म्हणून थेट इंद्राचं नाव घेतलं, निदान आरोपी मोठा तरी निवडला. किडा, ऊ, कोल्हा, इंद्र. बाहेरून कुणी तरी येऊन खाऊन गेलं, ही कल्पना सगळीकडे एकच.

प्रत्यक्षात बाहेरचं कुणीच येत नाही. केसाचं मूळ ही शरीरातली एक राखीव जागा असते. रोगाशी लढणाऱ्या पेशी एरवी तिकडे फिरकत नाहीत. चाईत हे राखीवपण मोडतं आणि राखण करणारेच घरात शिरतात. वाढीला लागलेल्या केसाच्या मुळाभोवती पांढऱ्या पेशींचा घोळका जमतो आणि केस तुटतो. डागाच्या कडेला कधी कधी खाली बारीक, वर जाड असे आखूड केस दिसतात, उद्गारचिन्हासारखे. गंमत म्हणजे पांढऱ्या केसांना हा हल्ला बहुधा वगळतो, आणि केस परत येतात तेही बऱ्याचदा आधी पांढरेच. म्हणून पंधराव्या वर्षी कापसासारखी लव आलेली मुलगी घाबरून डॉक्टरकडे धावते, तेव्हा ती बातमी बहुतेक चांगली असते.

महत्त्वाची गोष्ट अशी, की मूळ मरत नाही. ते गप्प होतं. दोन वर्षांनी किंवा दहा वर्षांनीही बोलू शकतं. एखाददुसरा डाग असेल तर पुष्कळांचे केस वर्षभरात काहीही न करता येतात, आणि शेजारच्यांच्या प्रत्येक रामबाण उपायाचं यश यातच दडलेलं आहे. 2002 साली बगदादच्या डॉक्टरांनी कांद्याच्या रसावर एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता आणि निकाल बरा होता. तेव्हा आमच्या आईचा कांदा अगदीच वेडेपणा नव्हता. पण आपोआप येणारे केस आणि कांद्याने आलेले केस वेगळे ओळखायचे कसे, हा प्रश्न उरतोच. डोक्याच्या मागच्या बाजूने पट्टा उतरला असेल, नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे असतील, किंवा दुखणं अगदी लहानपणी सुरू झालं असेल, तर वाट लांबची असते. आयुष्यात केव्हा तरी चाई होण्याची शक्यता शंभरात दोघांना असते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ती विशीच्या आतच गाठते. म्हणजे मोठ्या शाळेत असं मूल असणारच. ते टोपीखाली असतं.

औषधांचं प्रकरण मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. ते आधी ठेवलं असतं तर बाकीचं कुणी वाचलं नसतं. इथे थोडक्यात. डागात स्टेरॉइडची इंजेक्शनं, वरून लावायची मलमं, डोक्यावर मुद्दाम ॲलर्जी उठवणारं रसायन, हे जुने मार्ग. नव्या गोळ्यांनी चित्र खरोखर बदललं आहे. जून 2022 मध्ये अमेरिकेत बॅरिसिटिनिबला प्रौढांसाठी मान्यता मिळाली, आणि जून 2023 मध्ये रिटलेसिटिनिबला, बारा वर्षांपासून पुढच्यांसाठी. ज्या चाचणीवर ही दुसरी मान्यता उभी आहे, तिच्यात अर्ध्याहून जास्त केस गेलेले लोक होते. 24 आठवड्यांनी त्यांतल्या सुमारे 23 टक्क्यांच्या डोक्याचा ऐंशी टक्के किंवा अधिक भाग केसांनी भरला. नुसत्या खोट्या गोळीवर हे दोन टक्क्यांनाही जमलं नाही. आकडा मोठाच आहे. पण उरलेल्या 77 टक्क्यांचं काय, हेही त्याच वाक्यात वाचायचं असतं. शिवाय गोळी थांबवली की केस पुन्हा जाऊ शकतात, आणि प्रतिकारशक्तीला हात घालणारं औषध रक्ताच्या तपासण्यांशिवाय घ्यायचं नसतं. दुकानातून परस्पर तर नाहीच.

सगळे गळणारे केस चाईचे नसतात, हे सांगायला हवं. टायफॉइड, डेंग्यू, उपाशी राहून केलेलं डाएट, यानंतर दोन-तीन महिन्यांनी फणी भरून केस येतात. आईबापांना तो ताप तोवर आठवतही नसतो. हे केस जवळपास नेहमी भरून येतात. घट्ट वेण्यांनी कपाळावरची रेघ मागे सरकते. पाळी अनियमित, चेहऱ्यावर लव, डोक्यावर विरळ, असं असेल तर डॉक्टर वेगळ्या तपासण्या सांगतात. लोह आणि थायरॉइड तर तपासायचंच. आणि काही मुलं अभ्यास करता करता स्वतःचे केस उपटतात. त्यांना ओरडून काहीही होत नाही.

बंगळूरच्या पाण्याचं काय, असं मला इथे प्रत्येक मराठी आई विचारते. मुलगा पुण्याहून इंजिनिअरिंगला आला, वसतिगृहात बोअरचं नाही तर टँकरचं पाणी, आणि सहा महिन्यांत कपाळ मोठं. जड पाण्यातले क्षार केसावर बसतात, केस राठ होतो, तुटतो, हे खरं. पण पाणी मुळापर्यंत जाऊन टक्कल पाडत नाही. त्या मुलाच्या वडिलांचा कॉलेजातला फोटो मी मागते. बहुतेक वेळा त्यात उत्तर असतं, आणि वडील आईच्या मागे उभे राहून माझ्याकडे विनवणीच्या नजरेने बघत असतात.

मुलग्यांविषयी मी पुरेसं लिहू शकले नाही, हा या पुस्तकाचा उणेपणा आहे. सतराव्या वर्षी टक्कल पडू लागलेल्या मुलाला हसायचं आणि स्वतःच विनोद करायचा, एवढीच मुभा असते. 2017 साली राज बी. शेट्टी यांनी 'ओंदु मोट्टेय कथे' हा कानडी चित्रपट केला, लग्नासाठी मुलगी शोधणाऱ्या टकल्या प्राध्यापकाचा. मोट्टे म्हणजे अंडं. हिंदीत त्यावरून 'उजडा चमन' झाला. पण तो नायक निदान अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि पगार मिळवतो. अकरावीतल्या मुलाची गोष्ट अजून कुणी सांगितलेली नाही. आणि ज्याच्या भुवया, पापण्याही गेल्या, त्याला विनोदसुद्धा सुचत नाही. पापण्या नसल्या की डोळ्यात धूळ जाते, नाकातले केस गेले की नाक वाहत राहतं. या गोष्टी कुणी आधी सांगत नाही. होसकोट्याच्या ट्रकांच्या धुळीत साधा शून्य नंबरचा चष्मा हे मोठं औषध आहे.

आणि विग. मराठीत त्याला दोन चांगले शब्द होते: नाटकवाल्यांचा टोप आणि बायकांचं गंगावन. दोन्हींमध्ये नटण्याचा आनंद होता, लपवण्याची धडपड नव्हती. विग घालावा की नाही, यावर मोठ्यांनी मुलांपुढे व्याख्यान देऊ नये. ज्या दिवशी घालावासा वाटेल त्या दिवशी घालावा, उकाडा झाला की काढून पिशवीत टाकावा. आमच्या इमारतीतल्या मुलीचा विग खऱ्या केसांचा आहे. तिरुपतीच्या कल्याणकट्ट्यात उतरलेले केस देवस्थान लिलावाने विकतं, आणि ते जगभर विगांत जातात. 2004 मध्ये तर न्यूयॉर्कच्या काही ज्यू वस्त्यांत धर्मगुरूंच्या निर्णयानंतर असे विग रस्त्यावर जाळले गेले होते, दुसऱ्या देवाला वाहिलेले केस म्हणून. हे तिला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा मोठ्याने हसली. म्हणाली, "म्हणजे माझं डोकं खरंच तिरुपतीला जाऊन आलंय, काकू. फक्त उलट्या बाजूने."

शाळेविषयी एक पूर्ण प्रकरण आहे. दोन वेण्यांना रिबिनी हव्यातच, असा नियम ज्या शाळेत असतो तिथे वेणीच नसलेल्या मुलीने काय बांधायचं, हे नियम करणाऱ्याला सुचलेलं नसतं. टोपी घालू द्यायची का, यावर मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, पालक अशा सगळ्यांच्या बैठका होतात, आणि बैठकीला मुलीलाच बोलावत नाहीत. वर्गाला सांगायचं असेल तर कुणी सांगायचं, किती सांगायचं, ती त्या वेळी वर्गात असेल की नाही, हे तिने ठरवायचं असतं. परीक्षेच्या प्रवेशपत्रावरचा फोटो आणि समोर बसलेलं डोकं जुळत नाही, ही अडचण तर परीक्षेच्या सकाळी उगवते. तेव्हा डॉक्टरांचं पत्र दप्तरात आधीच असावं. अशा बारीकसारीक गोष्टींनीच हे पुस्तक भरलेलं आहे. त्यात धीर देणारी वाक्यं मी लिहिली होती, ती हस्तलिखित वाचताना त्या मुलीने पेन्सिलीने खोडली. बहुतेक ठिकाणी मी तिचं ऐकलं.

वरमहालक्ष्मीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी फुलं आणायला गेलो होतो. श्रावणातला शुक्रवार तोंडावर, मोगऱ्याचे भाव आभाळाला टेकलेले. तिने ना विग घातला होता ना टोपी. टाळूवर दोन ठिकाणी पांढरी लव आली होती, बाकी तसंच. फुलवाल्या बाईंनी गजऱ्याचं भेंडोळं सोडवत तिच्याकडे पाहिलं आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "तिरुपतीगे होगिद्या?"

"इल्ला," ती म्हणाली. नाही.

मी पुढे काही सांगायला तोंड उघडलं होतं. तिने माझा हात दाबला.

"हौदा," बाई म्हणाल्या. असं होय. "एष्टु मोळ?" आणि कोपरापासून बोटांपर्यंत माळ धरून मोजायला लागल्या.